धूळ वजा जाता

सदर : जमाखर्चापलीकडे



आश्विन अमावास्येला व्यापारी घरांतून जुन्या वह्या मिटतात आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक उमटते. वर्षभराचे येणे-देणे त्या सुमारास तपासले जाते. त्याच रात्री, दिव्यांच्या लखलखाटापासून दूर गेल्यास, माथ्यावर दुसरी एक वही उघडी असते. तिच्यातील नोंदी वाचताना मनुष्यजातीने शेकडो वर्षे एक रक्कम वजा करण्याचे सोडून दिले होते आणि त्यामुळे साऱ्या विश्वाचा ताळेबंदच चुकला होता. ती रक्कम म्हणजे ताऱ्यांमधल्या पोकळीत तरंगणारी धूळ. या महिन्याच्या लेखात तिचा हिशेब मांडावयाचा आहे.

प्रथम ती डोळ्यांनी पाहू. चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे जंगलाचे जिल्हे. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा निघाला, तरी जंगलाने दोघांची वाटणी मानलेली नाही. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या बाजूस किंवा ताडोबाच्या सीमेवरील एखाद्या गावात दिवाळीच्या आगेमागे सायंकाळी साडेसात-आठला उभे राहावे. वायव्येस अभिजित, त्याच्या वरच्या अंगास हंस आणि पश्चिमेस श्रवण असे तीन तेजस्वी तारे एक मोठा त्रिकोण करतात. त्यांच्यामधून आकाशगंगेचा दुधाळ पट्टा नैर्ऋत्येला धनु राशीकडे उतरत जातो. डोळे अंधाराला सरावले, की दिसते की हा पट्टा अखंड नाही. हंसापासून श्रवणाच्या शेजारून खाली धनूपर्यंत तो मधोमध चिरलेला आहे. नदीच्या पात्रात लांबच लांब काळे बेट पडावे, तशी ती चीर दिसते.

पाहणाऱ्याला वाटते, तेथे तारे नाहीत. वस्तुतः तेथे तारे भरपूर आहेत; त्यांच्या आणि आपल्या मध्ये धुळीचे ढग आलेले आहेत. उन्हाळ्याच्या आरंभी दक्षिण क्षितिजाशी त्रिशंकू तारकासमूह उगवतो. त्याच्या शेजारी असाच एक काळा डाग आहे आणि पाश्चात्त्य खगोलशास्त्रज्ञांनी त्याला ‘कोलसॅक’, म्हणजे कोळशाचे पोते, असे नाव दिले आहे. तो आपल्या अक्षांशावरून क्षितिजाच्या जेमतेम सात अंश वर येतो, त्यामुळे त्यासाठी मोकळे क्षितिज आणि स्वच्छ हवा हवी. कोळशाच्या खाणींच्या जिल्ह्यातून आकाशातील कोळशाचे पोते पाहावयास मिळावे, हा योग मला गमतीचा वाटतो. पुढे दिसेल की ते नाव अगदीच अस्थानीही नाही.

ही धूळ आपल्या ओळखीच्या धुळीसारखी नाही. चंद्रपूरकरांना धुळीची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. कोळशाच्या खाणी आणि २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र पदरी बाळगणारे हे शहर २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक समूहांच्या यादीत वरच्या क्रमांकांत होते. हवेच्या अहवालात ‘पीएम २.५’ असा शब्द येतो. तो कण अडीच मायक्रॉनचा, म्हणजे २५०० नॅनोमीटरचा. ताऱ्यांमधील धुळीचा नमुनेदार कण १०० नॅनोमीटरच्या घरातील, म्हणजे त्याच्याही पंचविसाव्या हिश्श्याचा असतो आणि त्याहून लहान कणांची संख्या फार मोठी असते. हे कण वृद्ध, फुगलेल्या लाल ताऱ्यांच्या थंडावणाऱ्या वातावरणात आणि अतिनवताऱ्यांच्या स्फोटांत निर्माण होतात. त्यांत मुख्यतः दोन जाती आढळतात. एक कर्बाची, म्हणजे काजळी आणि ग्राफाइट यांच्या कुळातली. दुसरी सिलिकेटांची, ज्यांत वाळूच्या घटकांबरोबर मॅग्नेशियम आणि लोह असते. चंद्रपूरच्या भूगर्भात कोळसा आहे आणि गडचिरोलीतील सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज. आकाशातील धुळीचे हे दोन परिचित घटक आपल्या दोन जिल्ह्यांनी जणू वाटून घेतले आहेत. त्यामागे योगायोगापलीकडे काही नाही, परंतु लक्षात ठेवावयास सोपे जाते.

ही धूळ किती विरळ असावी? शंभर मीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच अशी एक कोठी कल्पनेने बांधावी. आकाशगंगेच्या सपाट भागात अशा एका कोठीत सरासरीने त्या नमुनेदार आकाराचा एखादाच कण सापडेल. ताऱ्यांमधील एकूण द्रव्यात, ज्यात बहुतांश हायड्रोजन वायू असतो, धुळीचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. इतक्या क्षुल्लक रकमेची कोण फिकीर करील? परंतु बँकेत आयुष्य काढलेला माणूस जाणतो की दर किरकोळ असला तरी मुदत मोठी असेल, तर शेवटचा आकडा भयंकर होतो. येथे मुदत हजारो प्रकाशवर्षांची आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ही धूळ सर्व रंगांच्या प्रकाशाकडून सारखी वजावट करत नाही. प्रकाश म्हणजे लाटा. लाल प्रकाशाची तरंगलांबी ७०० नॅनोमीटरच्या आसपास, निळ्याची ४५० च्या, आणि निळ्याजांभळ्याच्या पलीकडील, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांची ४०० पासून खाली १०० पर्यंत. लांब लाट आपल्यापेक्षा पुष्कळ लहान अडथळ्याला फारशी जुमानत नाही, ती वळसा घालून पुढे जाते. अडथळ्याचा आकार लाटेच्या मापाशी जुळू लागला, की लाट अडते, विखुरते किंवा गिळली जाते. १०० नॅनोमीटरचा कण आणि अतिनील लाट यांची मापे अशी जुळतात. म्हणून धूळ सर्वाधिक अडवते ती अतिनील किरणांना, त्याखालोखाल निळ्या प्रकाशाला, त्याहून कमी लाल प्रकाशाला. लालच्या अलीकडील अवरक्त किरण तर बव्हंशी सुखरूप पार होतात. निळा प्रकाश अधिक अडल्यामुळे धुळीआडचा तारा मंद होतो आणि थोडा लालसरही दिसतो. धुरकट संध्याकाळी मावळता सूर्य तांबडा दिसतो, त्याच्याशी या प्रकाराचे जवळचे नाते आहे.

व्यापारी वाचकांसाठी हे रुपयांत मांडतो. आकाशगंगेच्या सपाट भागात सरासरी धरली, तर ताऱ्यापासून १०० रुपयांचा दृश्य प्रकाश निघाल्यावर ३२६० प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतर सुमारे १९ रुपये हाती पडतात. अंतरामुळे येणारा फिकेपणा यात धरलेला नाही. ही केवळ धुळीची वजावट. त्याच वाटेने निघालेल्या, २१७.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाच्या १०० रुपयांपैकी हाती पडतात ५५ ते ६० पैसे. अंतर दुप्पट झाले तर? येथे वजावट सरळ दुप्पट होत नाही. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा आकारावा, तसे उरलेल्या रकमेवर पुन्हा तेच प्रमाण लागते. दृश्य प्रकाशाचे साडेतीन रुपये उरतात आणि अतिनीलचा एक पैसाही उरत नाही, पैशाचा तिसरा हिस्सा उरतो. आकाशगंगेचे केंद्र आपल्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर, धनु राशीच्या दिशेला आहे. तेथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी साधारण एक कण आपल्यापर्यंत पोहोचतो. अतिनील किरणांचा तर प्रश्नच उरत नाही.

ही वजावट ठाऊक नसताना काय झाले, तो इतिहास मला फार बोधप्रद वाटतो. विल्यम हर्शेल यांनी १७८५ साली आकाशाच्या निरनिराळ्या दिशांतील तारे मोजून आकाशगंगेचा पहिला नकाशा काढला. त्यात सूर्य जवळपास मध्यभागी आला. काळे डाग त्यांना आकाशातील भोके वाटली. पुढे नेदरलँड्सच्या याकोबस कॅप्टेन यांनी आयुष्यभर हीच मोजणी अधिक काटेकोरपणे केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नकाशातही सूर्य केंद्राजवळच होता. मोजणी प्रामाणिक होती, गणित शुद्ध होते, आणि निष्कर्ष चूक होता.

तो का चुकला, हे गडचिरोलीच्या जंगलात उभे राहिल्यावर चटकन समजते. साग, ऐन, बांबू यांच्या दाटीत आपल्याला चोहीकडे सारखेच, पन्नास-साठ पावलांपर्यंतचे दिसते. पुढे झाडेच झाडांना झाकतात. तेथे कोणी झाडे मोजून नकाशा काढला, तर तो प्रत्येक वेळी हेच सांगेल की जंगल वर्तुळाकार आहे आणि आपण त्याच्या बरोबर मध्यभागी आहोत. दोन कोस चालून पुन्हा मोजले, तरी मध्यभागी आपणच. नजरेची मर्यादा हीच जगाची सीमा मानली, की प्रत्येक जण केंद्रस्थानी येतो. कॅप्टेन यांच्यासारख्या थोर गणितज्ञालाही धुळीने असेच केंद्रस्थानी बसवले होते.

सत्य पकडले ते एका विसंगतीने. अमेरिकेतील लिक वेधशाळेत रॉबर्ट ट्रम्पलर यांनी शंभर तारकागुच्छांची अंतरे दोन पद्धतींनी काढली. एक, गुच्छातील ताऱ्यांच्या तेजावरून. दुसरी, गुच्छाच्या दिसणाऱ्या आकारावरून. एकाच खात्याच्या दोन स्वतंत्र नोंदी जुळाव्यात, तशी ही उत्तरे जुळावयास हवी होती. ती जुळली नाहीत, आणि फरक वाटेल तसा विखुरलेलाही नव्हता. तेजावरून काढलेली अंतरे खरी धरली, तर जो गुच्छ जितका दूर तितका तो प्रत्यक्षात मोठा, असे निघत होते. आपल्यापासून दूर जावे तसे गुच्छ मोठे होत जावेत, अशी व्यवस्था निसर्ग कशाला करील? सगळ्या तफावती एकाच दिशेला झुकत असतील, तर त्यामागे एखादी समान वजावट नोंदवायची राहिलेली असते, हे कोणताही जुना लेखापरीक्षक सांगेल. ट्रम्पलर यांनी १९३० साली तेच सांगितले. गुच्छ मोठे नाहीत. मधल्या धुळीने त्यांना मंद केल्यामुळे ते आहेत त्याहून दूरचे भासतात. ती वजावट धरल्यावर दोन्ही नोंदी जुळल्या. हार्लो शॅप्ली यांनी १९१८ सालीच सूर्याला केंद्रापासून दूर ढकलले होते, परंतु धूळ न धरल्यामुळे त्यांची आकाशगंगा वाजवीपेक्षा फार मोठी झाली होती. तिचेही माप आता ताळ्यावर आले. सूर्य आकाशगंगेच्या मध्यापासून दूर, एका कडेच्या वस्तीत राहतो हे अखेर पक्के ठरले.

अतिनील किरणांतील वजावट किती, हे मात्र जमिनीवरून मोजता येत नव्हते. आपल्या वातावरणातील ओझोन ३०० नॅनोमीटरच्या खालचे किरण वरच्यावर अडवतो. आपले प्राण त्यावर अवलंबून आहेत, तेव्हा तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु मोजायचे तर वातावरणाच्या वर जावे लागते. १९६५ साली अमेरिकेच्या थिओडोर स्टेचर यांनी रॉकेटवर उपकरण चढवून ते मोजले. पद्धत साधी होती. एकाच जातीचे दोन तारे घ्यावयाचे, एक धुळीआडचा आणि एक मोकळ्या वाटेवरचा. सारख्या उलाढालीच्या दोन शाखांचे ताळेबंद शेजारी ठेवले म्हणजे एकीतील गळती जशी उघडी पडते, तशी या दोन ताऱ्यांच्या तुलनेत धुळीची वजावट रंगागणिक उघड होते. स्टेचर यांना आढळले की अतिनीलकडे जाताना वजावट वाढत जाते आणि २१७.५ नॅनोमीटरच्या आसपास एकाएकी उंचवटा घेते. तेथे धूळ जणू विशेष भुकेलेली असते. हा उंचवटा आपल्या आकाशगंगेत बहुतेक दिशांना सापडतो.

विशेष भूक कोणत्या द्रव्याची? सर्वाधिक संशय कर्बावर आहे. १९६२ साली केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल आणि त्यांचे श्रीलंकेचे विद्यार्थी चंद्रा विक्रमसिंघे यांनी ताऱ्यांमधील धुळीत ग्राफाइट असावे असे मांडले होते. ग्राफाइटचे सूक्ष्म कण २२० नॅनोमीटरजवळचा प्रकाश जोमाने शोषतात, त्यामुळे स्टेचर यांच्या शोधानंतर त्या कल्पनेला वजन आले. आज काही शास्त्रज्ञ ग्राफाइटऐवजी कर्बाच्या षटकोनी कड्यांनी विणलेल्या मोठ्या रेणूंकडे बोट दाखवतात. खटला अद्याप निकाली निघालेला नाही. आरोपी कर्बाच्याच घराण्यातला, इतके बहुतेकांना मान्य आहे. कोळशाचे पोते हे नाव अगदीच अस्थानी नाही असे वर म्हटले, ते याच अर्थाने.

या कथेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हा उपग्रह सुटला आणि पृथ्वीपासून सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर स्थिरावला. त्यावर ‘यूव्हीआयटी’ नावाची अतिनील दुर्बीण आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने ती साकारली आणि त्या कामात पुण्याची आयुका, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था सहभागी होत्या. या दुर्बिणीने ऑक्टोबर २०१६ मध्ये आकाशाच्या एका लहानशा तुकड्याकडे २८ तासांहून अधिक काळ टक लावली. आयुकाचे कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदी जवळपास दोन वर्षे तपासल्या आणि २०२० साली जाहीर केले की ९३० कोटी प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेतून निसटलेला अतितीव्र अतिनील प्रकाश आपल्याला मिळाला आहे. ज्या किरणांना स्वतःच्या घरातील वायू आणि धूळ यांतून बाहेर पडणेही दुरापास्त, ते निसटून एवढ्या दूर यावेत हे नवल होते. दोन वर्षे तपासणी का, असे कोणी विचारील. अशा वेळी हाती आलेली रक्कम मोजण्यापेक्षा वाटेत काय काय वजा झाले असेल, हे ठरवण्यातच खरा काळ जातो.

आता जमाखर्चाचा पुढचा प्रश्न. अडवलेल्या प्रकाशाचे होते काय? काही भाग विखुरतो. बाकीचा धुळीचे कण गिळतात आणि त्यामुळे थोडेसे उबदार होतात. उबदार म्हणजे उणे २५३ अंश सेल्सिअसच्या आसपास. परंतु निखळ शून्यापेक्षा हे वीस अंश अधिक आहे आणि तेवढ्या उबेने कण दूरच्या अवरक्त किरणांत मंदपणे प्रकाशतात. अतिनीलच्या खात्यातून खर्ची पडलेली रक्कम अवरक्ताच्या खात्यात जमा झालेली सापडते. आपल्या आकाशगंगेतील ताऱ्यांच्या एकूण प्रकाशापैकी सुमारे एक तृतीयांश धुळीमार्फत असा खाते बदलून येतो. पगारातून कापलेला टीडीएस फॉर्म २६ एएसमध्ये दिसावा, तसाच हा प्रकार. १९८३ साली सोडलेल्या ‘आयरास’ उपग्रहाने अवरक्तात साऱ्या आकाशाची पाहणी केली. त्या आणि ‘कोबे’ उपग्रहाच्या नोंदींवरून श्लेगेल, फिंकबायनर आणि डेव्हिस यांनी १९९८ साली धुळीचा अखिल आकाश नकाशा तयार केला. कोणत्या दिशेला किती वजावट धरावी, हे त्यावरून काढता येते.

धुळीकडे केवळ नुकसानीची बाब म्हणून पाहणेही योग्य नव्हे. तारे जन्मतात ते थंड वायूच्या दाट ढगांत. हायड्रोजनचे अणू जोडीने रेणू बनतात ते धुळीच्या कणांच्या पृष्ठभागावर, आणि तीव्र अतिनील किरणांनी ते रेणू पुन्हा फुटू नयेत यासाठी आडोसा धरण्यातही धुळीचा हात असतो. भर वैशाखात मोठ्या झाडांच्या सावलीत कोवळी रोपे तग धरतात, तसे ते आहे. पुढे त्याच धुळीचे कण चिकटत, वाढत ग्रह घडतात. आपल्या पायाखालचा खडक आणि आपल्या शरीरातील कर्ब एके काळी अशा ढगांतूनच आलेला आहे.

तथापि हिशेबात तिला विसरले तर काय होते, याचे ताजे उदाहरण २०१४ सालचे. दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-२’ दुर्बिणीच्या चमूने मार्च महिन्यात जाहीर केले की विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणांतील गुरुत्वीय लहरींची खूण सापडली. जगभर आनंद झाला. पुढल्याच वर्षी ‘प्लँक’ उपग्रहाच्या नोंदींशी मिळून तपासणी झाली, तेव्हा त्या खुणेचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा निघाला आणि दावा टिकला नाही. विश्वाचा आरंभ पाहावयास निघालेल्यांना अंगणातील धूळ आडवी आली.

याच प्रश्नावर एका थोर मराठी शास्त्रज्ञाने आयुष्यभर वेगळी बाजू लढवली. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर हे हॉईल यांचेच शिष्य, म्हणजे विक्रमसिंघे यांचे गुरुबंधू. आयुकाचे संस्थापक संचालक म्हणून आणि मराठी विज्ञानलेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो. दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा मंद दिसतात, असे १९९८ साली दोन चमूंना आढळले. विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे, असा अर्थ त्यांनी लावला आणि २०११ चे नोबेल त्यासाठी दिले गेले. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले, की हा मंदपणा दीर्घिकांमधील पोकळीत विखुरलेल्या लोहाच्या सूक्ष्म तंतूंच्या धुळीमुळे तर नसेल? नेहमीची धूळ ताऱ्याला लालसर करते म्हणून पकडली जाते, पण असे लांबट धातूतंतू सर्व रंग जवळपास सारखेच मंद करतील आणि सहसा पकडले जाणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही, कारण प्रसरणाचा वेग वाढतो आहे याचे पुरावे इतर मार्गांनीही मिळत गेले. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांचे उत्तर मान्य झाले नसले, तरी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे मोल मला कमी वाटत नाही. एखादी गोष्ट मंद दिसते ती दूर आहे म्हणून, की मध्ये काही आले आहे म्हणून? हर्शेलपासून बायसेपपर्यंत साऱ्या घोटाळ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न विचारावयाचा राहून जाणे आहे.

माणसांबाबतही आपण हा प्रश्न क्वचित विचारतो. एखादा नातलग वर्षानुवर्षे फोन करत नाही, एखादी सून अबोल असते, एखादा विद्यार्थी मागे पडतो. आपण चटकन नोंद करतो की याची माया आटली, हिच्या स्वभावात ओलावा नाही, याला बुद्धी नाही. मध्ये आजार असेल, कर्ज असेल, संकोच असेल, ही शक्यता वजा करून पाहावयाची आपल्याला सवय नसते. कर्जदारांच्या खात्यांवर तीस-बत्तीस वर्षे काम केल्यावर एवढे मी सांगू शकतो, की थकलेले प्रत्येक खाते बुडवणाऱ्याचे नसते. अधिक सांगणे म्हणजे उपदेश होईल.

अखेरीस एक विनंती. आकाशगंगेतील ही काळी चीर पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही, केवळ अंधार लागतो, आणि तोच आता दुर्मीळ होत चालला आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तेथे गावातील दिव्यांची तोंडे खाली वळवण्यासारखे साधे उपाय करण्यात आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातील गोंड गावांत जाऊन त्यांच्या आकाशाची नोंद केली आहे. आपण ज्याला मृग म्हणतो, त्या ताऱ्यांत तेथील वृद्ध नांगर पाहतात. ज्या समाजाला आपले आकाश इतके पाठ आहे, त्याच्या डोक्यावरचा अंधार टिकवणे अवघड नाही. रस्त्यावरील दिव्याला झाकण आणि अंगणातील दिव्याला बटण, एवढ्याने पुष्कळ काम होईल. खाणी, कारखाने आणि रस्ते या दोन्ही जिल्ह्यांत वाढत आहेत, ते रोजगारासाठी वाढावेतही. परंतु दिवे लावताना ते जमिनीकडे लावावेत.

भद्रावतीच्या यात्रेला किंवा ताडोबाच्या सहलीला येणाऱ्या वाचकांनी एक रात्र यासाठी राखावी. अमावास्येच्या जवळची तिथी धरावी, वीस-पंचवीस मिनिटे मोबाइल बंद ठेवून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी आणि मुलांना हंसापासून धनूपर्यंतची ती काळी वाट बोटाने दाखवावी. ‘तिथे काय आहे?’ असे मुले विचारतील. तिथे तारेही आहेत आणि त्यांच्या आड धूळही आहे, एवढे उत्तर पुरेसे आहे. बाकीचा हिशेब ती मोठी होऊन करतील.

नव्या वर्षाच्या वह्यांना आणि वाचकांना शुभेच्छा.